राजवाडा मेट्रोमुळे पडणार, हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की भुयारी मेट्रो आली की होळकरांचा राजवाडा कोसळणार, कोलकात्यात घरं पडली तशीच, त्यापेक्षा वरून पूल बरा. राजवाड्याची काळजी मलाही आहे, पण यातलं बरंच चूक आहे.

आधी कोलकाता. बऊबाजारला ऑगस्ट २०१९ च्या शेवटी बोगदा खणणारं टीबीएम मशीन पाण्याच्या थराला लागलं, पाण्याबरोबर माती बोगद्यात आली आणि वरची घरं खचली. पण ती जमीन गंगेच्या गाळाची. आपल्याकडे काळी माती, मुरूम आणि खाली बेसॉल्ट, म्हणजे पुण्यासारखाच दगड, आणि पुण्यात सप्टेंबर २०२४ पासून पेठांखालून स्वारगेटपर्यंत मेट्रो धावतेय.

"बोगदा खणताना सगळं हादरणार." मशीन दगड कापत जातं आणि मागोमाग काँक्रीटच्या रिंगा बसवतं, जमीन फार वेळ उघडी राहत नाही. जास्त जपायचं असतं ते स्टेशनच्या खड्ड्याला. जर्मनीत कोलोनचं ऐतिहासिक कागदपत्रांचं संग्रहालय ३ मार्च २००९ ला कोसळलं, दोन माणसं गेली, ते मेट्रोच्या उघड्या खड्ड्याशेजारीच होतं, आणि ॲम्स्टरडॅमला २००८ मध्ये जुनी घरं खचली तीही स्टेशनच्या भिंतीतून पाणी-माती आत आल्यामुळे. म्हणून विचारायचं तर हे विचारा ना, की राजवाडा स्टेशनचा खड्डा वाड्यापासून किती लांब आहे आणि वाड्याची हालचाल मोजणाऱ्या यंत्रांचं रीडिंग वाढलं तर काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे.

"१९८४ च्या आगीने वाडा आधीच कमजोर झालाय." हा मुद्दा मात्र खरा आहे, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, त्यात आग लागून गेलेली. पण त्यावर उपाय आहे, भेगांवर गेज, म्हणजे भेग किती रुंदावते ते मोजणारी पट्टी, लावा, आणि तेही खोदकामाआधी निदान एक अख्खं वर्ष, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, ती हालचाल आधी नोंदली नाही तर नंतर कोणती भेग मेट्रोची आणि कोणती पावसाची हे कोणीच सांगू शकणार नाही.

आणि पूल? खांबांनाही खोल पाया खणावाच लागतो, वर राजवाड्यासमोर काँक्रीट कायमचं. नकोच.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे बावड्या, जुन्या पायऱ्यांच्या विहिरी. मार्च २०२३ ला बेलेश्वर मंदिरात झाकलेल्या बावडीवरचा स्लॅब खचून ३६ माणसं गेली. जुन्या शहरात अशा झाकलेल्या विहिरी अजूनही असणार आणि त्या नकाशावर आल्याशिवाय खोदकाम नको. तुमच्या वाड्यात किंवा गल्लीत विहीर होती हे आजी-आजोबांना आठवत असेल तर जागा लिहून नगरनिगम आणि मेट्रो दोन्हीकडे लेखी द्या, पोच घ्या.