बरोबरी झाली तर होऊ द्या की!

१३ फेब्रुवारी २०२३. बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये बीनपॉट या कॉलेजांच्या आइस हॉकी स्पर्धेची फायनल, नॉर्थईस्टर्न विरुद्ध हार्वर्ड. साठ मिनिटं संपली तेव्हा २-२. ओव्हरटाइममध्येही कुणाला गोल करता आला नाही. मग शूटआउट झाला, तो नॉर्थईस्टर्नने जिंकला, ट्रॉफी उचलली, फोटो निघाले. आणि अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएच्या दप्तरात या सामन्याची नोंद काय झाली? २-२, बरोबरी.

बीनपॉट म्हणजे काही गल्लीतली टूर्नामेंट नव्हे. हार्वर्ड, बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि नॉर्थईस्टर्न ही इथली चार कॉलेजं १९५२ पासून यासाठी भिडतायत. फेब्रुवारीतले पहिले दोन सोमवार लोक ऑफिसातून लवकर सटकतात ते याचसाठी. एवढ्या वर्षांत फायनल शूटआउटवर जायची ती पहिलीच वेळ. आता मला सांगा, ज्या निकालावर खुद्द नियम करणाऱ्यांचाच विश्वास नाही, तो निकाल म्हणायचा कसा?

मी खडकीची. धनराज पिल्ले ज्या भागातून आले, तिथली. त्यामुळे हॉकी म्हणजे गवत, नाहीतर टर्फ, वाकलेली पाठ आणि पेनल्टी कॉर्नर, हे डोक्यात पक्कं बसलेलं. बर्फावरची हॉकी इथे आल्यावर बघायला लागले आणि कॉलेजचीच जास्त आवडली. एनएचएलची, म्हणजे व्यावसायिक लीगची तिकिटं खिशाला परवडत नाहीत हे एक कारण, पण एकच नाही. कॉलेजच्या सामन्यात बँड असतो, विद्यार्थ्यांचा अख्खा कोपरा उभा राहून समोरच्या गोलकीपरची यथेच्छ चेष्टा करत असतो, आणि बर्फावरच्या पोरांचे सोमवारी क्लास असतात.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका वेळी बर्फावर पाच जण आणि एक गोलकीपर. पण पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग केलं की माणूस संपतो, म्हणून सतत बदली चालू. पुढे खेळणाऱ्या तिघातिघांच्या चार लाइन असतात. पहिल्या लाइनवर गोल करणारे राजे. चौथ्या लाइनवर असतात ते कोपऱ्यात घुसून धक्के खाणारे, समोरून येणारा पक, म्हणजे रबराची चकती, पायावर घेणारे, आपला एक जण पेनल्टी बॉक्समध्ये बसला असताना चौघांत किल्ला लढवणारे. चांगली टीम कुठली हे चौथी लाइन बघून कळतं, असं माझं ठाम मत आहे.

शूटआउटमध्ये यातलं काय उरतं? तीन जण येतात. मध्यरेषेवरून पक घेऊन एकटेच गोलकडे निघतात. समोर एकटा गोलकीपर. बाकी सगळी टीम कठड्यापलीकडून माना लांब करून बघत बसते. पक एकदा गोलकीपरला लागून परत आला की खेळ खल्लास, रिबाउंडवर गोल चालत नाही. खरं तर या खेळातले कितीतरी गोल रिबाउंडवरच होतात! गोलसमोरच्या झटापटीत कुणाची तरी काठी नेमकी तिथे असते. ती काठी तिथे ठेवण्यासाठी त्या पोराने पाठीवर चार दणके खाल्लेले असतात. ते सगळं बाद.

आणि बर्फाचं काय? हे टीव्हीवर नीट दिसत नाही, खालच्या रांगेत बसलात तर दिसतं. ओव्हरटाइम संपेपर्यंत बर्फाची पार चाळण झालेली असते. स्केटच्या पात्यांनी ओरखडे पडलेले, वर भुगा साचलेला. पक सपाट सरकायचा सोडून मध्येच कडेवर उभा राहतो आणि डुगडुगत जातो. एका पोराने सुरेख हुलकावणी दिली, गोलकीपर आडवा झाला, समोर अख्खी जाळी मोकळी. आणि पक काठीवरून टुणकन उडून बाजूला गेला. तो पोरगा तसाच वळसा घेऊन बाकाकडे परतला, मान खाली. असं खेळ चालू असतानाही होतं, पण तेव्हा सावरायला चार जण असतात.

कॉलेजात हे आलं कधी? एनएचएलने २००५-०६ च्या सीझनपासून शूटआउट आणला. पहिल्या दर्जाच्या कॉलेज लीगमध्ये सीसीएचएने २००८-०९ ला तो उचलला आणि मग हळूहळू बाकीच्या लीगमध्ये शिरला. २०२०-२१ पासून एनसीएएने साध्या सीझनमध्ये पाच मिनिटांचा तीन-विरुद्ध-तीन ओव्हरटाइम सक्तीचा केला. त्यातही गोल झाला नाही तर सामना बरोबरीत. पण लीगला हवं असेल तर तिने आपल्या गुणतक्त्यापुरता शूटआउट घ्यावा, ही मुभा. गुण असे: साठ मिनिटांत जिंकलात तर तीन, नंतर जिंकलात तर दोन, नंतर हरलात तर एक.

म्हणजे एकाच सामन्याचे दोन हिशोब. लीगच्या वहीत एक टीम जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सोळा टीम निवडताना जी क्रमवारी लावतात, तिच्या वहीत बरोबरी. घरी एक वही आणि इन्कमटॅक्सवाल्यांना दुसरी, असला प्रकार. मला गंमत वाटते ती याची, की शूटआउटने खरा निकाल लागतो असं एनसीएएलाही वाटत असतं, तर त्यांनी तो स्वतःच्या वहीत नसता का धरला?

खडकीत राहणाऱ्या माझ्या दादाला हे अजिबात पटत नाही. फोनवर आमचं भांडण होतं ते असं:

"अगं, दोन-अडीच तास बसून बरोबरी बघायची? मग लोकांनी यायचं कशाला?"

"खेळ बघायला, दादा."

"खेळ बघायला येतात गं, पण घरी जाताना कोण जिंकलं ते सांगायला नको का?"

मग तो पॅरिस काढतो. काढणारच. ४ ऑगस्ट २०२४, ऑलिंपिकची क्वार्टर फायनल, ग्रेट ब्रिटन. अमित रोहिदासला रेड कार्ड, जवळजवळ तीन क्वार्टर आपण दहा जणांत खेळलो, १-१, आणि मग शूटआउटमध्ये श्रीजेश. ४-२. त्या दिवशी मीही इथे सोफ्यावर उभी राहून ओरडले होते, ते नाकारत नाही. पण दादा, तो शूटआउट वेगळा. मैदानी हॉकीत आठ सेकंद मिळतात, पाच जण येतात, रिबाउंड चालतो, गोलकीपरने अडवलं तरी पुन्हा मारता येतं. म्हणजे थोडा तरी खेळ शिल्लक राहतो. शिवाय ती बाद फेरी होती, कुणीतरी घरी जाणं भागच होतं.

तरी त्या आठ सेकंदांचीही एक गोष्ट आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये आपल्या मुलींची ऑस्ट्रेलियाशी सेमीफायनल. शूटआउटमधला पहिलाच प्रयत्न आपली गोलकीपर सविताने अडवला. मग कळलं की घड्याळच चालू झालं नव्हतं. ऑस्ट्रेलियाला पुन्हा संधी, गोल, आणि तिथून आपल्या मुली सावरल्याच नाहीत. अख्ख्या सामन्याची मेहनत एका घड्याळाच्या बटणावर! साध्या खेळात पंचाची चूक झाली तर भरून काढायला वेळ असतो, इथे नसतो.

कबड्डीवाल्यांनी यातून बरा मार्ग काढलाय, असं मला नेहमी वाटतं. बाद फेरीत बरोबरी झाली की पाच-पाच चढाया. पण चढाईपटू आत जातो तेव्हा समोर सातही जण उभे असतात. कोपरारक्षक आहे, साखळी आहे, सगळं आहे. कबड्डी कबड्डीच राहते. चढाईपटू विरुद्ध एकटा मध्यरक्षक असं कुणी ठेवलं असतं तर आपल्याकडच्या जत्रेतल्या प्रेक्षकांनीसुद्धा मंडप डोक्यावर घेतला असता.

आता माझ्या मताची सगळ्यात मोठी अडचण. शूटआउट नको, तर मग काय? गोल होईपर्यंत खेळा?

बाद फेरीत, हो. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत आजही तेच आहे: पाच-विरुद्ध-पाच, वीस-वीस मिनिटांचे डाव, गोल होईपर्यंत. २७ मार्च २०२१ ला फार्गोमध्ये मिनेसोटा डुलुथ आणि नॉर्थ डकोटा भिडले. डुलुथ २-० ने पुढे होतं आणि शेवटच्या दोन मिनिटांत नॉर्थ डकोटाने दोन गोल मारून बरोबरी केली. मग पाच ओव्हरटाइम. डुलुथच्या गोलकीपरच्या पायात गोळे आले, त्याला उठावं लागलं आणि मध्यरात्री बाकावरचा गार पडलेला दुसरा गोलकीपर आत उतरला. १४२ मिनिटं १३ सेकंदांनी गोल केला तो ल्यूक मिलिमोक नावाच्या फर्स्ट इयरच्या पोराने. शूटआउट असता तर कोचने निवडलेल्या तिघांत हा असता, असं मला नाही वाटत.

पण दर शुक्रवारी असं चालणार नाही, हे मलाही कळतं. २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने नोत्र दामला पाच ओव्हरटाइमनंतर ४-३ हरवलं, १५१ मिनिटं ४२ सेकंद, पुरुषांच्या कॉलेज हॉकीतला सगळ्यात लांबलेला सामना. तीन सामन्यांच्या मालिकेतला तो पहिला होता. पुढचे दोन्ही नोत्र दाम जिंकलं आणि मालिकाही. एवढं करून पदरात काय, तर विक्रम.

म्हणूनच साध्या सीझनमध्ये बरोबरी हवी! कॉलेज हॉकीचं वेळापत्रक बघा. बहुतेक वेळा त्याच दोन टीम, त्याच रिंकवर, शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ खेळतात. शुक्रवारी बरोबरी झाली तर बिघडलं काय? चोवीस तासांत तेच चेहरे पुन्हा समोर. उलट शुक्रवारची बरोबरी शनिवारच्या सामन्याला अशी काही धार आणते की बस्स. शूटआउटने त्या धारेची माती होते, कारण शुक्रवारी रात्री उगाचच कुणीतरी जिंकलेलं असतं.

तीन-विरुद्ध-तीनबद्दलही माझी कुरकुर आहे, रिकाम्या बर्फावर नुसती पळापळ. पण निदान पास असतो, बचाव असतो. ती पाच मिनिटं चालवून घेईन.

आणि सगळ्यात विचित्र गोष्ट तर राहिलीच. कॉलेजात मुलींची मैदानी हॉकीही याच एनसीएएच्या हाताखाली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिची राष्ट्रीय फायनल, नॉर्थ कॅरोलिना विरुद्ध नॉर्थवेस्टर्न, ओव्हरटाइमनंतरही १-१ राहिली आणि शूटआउटवर नॉर्थ कॅरोलिनाने विजेतेपद नेलं. त्यांची कोच एरिन मॅटसन अवघी २३ वर्षांची, आदल्याच वर्षी याच टीमकडून खेळून बाहेर पडलेली. एका हॉकीत शूटआउट देशाचा विजेता ठरवतो, दुसऱ्या हॉकीत साध्या शुक्रवारचा सामनाही ठरवू शकत नाही. संस्था एकच.

दादाचं म्हणणं, प्रेक्षकांना आवडतं ना, मग झालं. आवडतं, खरंय. शूटआउट सुरू झाला की सगळं स्टेडियम उभं राहतं. मग तो सामन्यानंतर मजा म्हणून ठेवा, पोरांना टी-शर्ट द्या, गुण देऊ नका. साध्या सीझनमध्ये बरोबरीचे दोघांना सारखे गुण. आणि जिथे ट्रॉफी आहे, तिथे बर्फावर पुन्हा झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरवा, वीस मिनिटं घड्याळात लावा आणि पाच-पाच जण आत पाठवा. बीनपॉट सोमवारी रात्री असते, मंगळवारी क्लास चुकला तर बॉस्टनमधला कुठलाही प्रोफेसर समजून घेईल. तोही बहुधा तिथेच बसलेला असेल.