‘कन्व्हर्टर असतो की गं त्याला!’

दिवाळीत काकांनी तो पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला, तेव्हाच मी चप्पल घालून निघून यायला हवं होतं. "आपला कुलवृत्तांत. २००१ ची आवृत्ती. आता दुसरी काढायची. सगळं टाइप केलेलं तयार आहे, तू फक्त नव्या कॉम्प्युटरवर घे. कन्व्हर्टर असतो की गं त्याला, एक बटण दाबायचं!"

मी बँकेत नोकरी करते. घरात मी 'कॉम्प्युटरवाली' आहे, कारण मला एक्सेल उघडता येतं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढता येतो. एवढ्या भांडवलावर माझ्या गळ्यात आमच्या घराण्याच्या अकरा पिढ्या पडल्या.

घरी येऊन फाइल उघडली. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टक्क्याची चिन्हं, मधेच एखादं पौंडाचं चिन्ह. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी १८० पानं. काकांना फोन केला तर म्हणाले, "अगं तो फॉण्ट टाक ना." कुठून टाकू? डीटीपीवाल्याने २००१ साली वापरलेलं ते सॉफ्टवेअर चालवायला कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या खाचेत, एक डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्लीच, खोचावा लागायचा. दुकान बंद होऊन तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. डोंगल बहुधा भंगारात गेला. शेवटी एका ओळखीच्या प्रेसवाल्याकडून फॉण्टच्या फाइली मिळाल्या आणि स्क्रीनवर एकदम सुंदर, टपोरं मराठी आलं. मला वाटलं, झालं की काम! काय भोळी होते मी.

कारण ते मराठी नव्हतंच. ते इंग्रजीच होतं, मराठीचा मुखवटा घातलेलं. हे एकदा नीट समजावून सांगते, म्हणजे पुन्हा कोणी मला 'बटण' म्हणणार नाही. उदाहरणाला कृतिदेव हा फॉण्ट घेऊ, तो बहुतेकांना ठाऊक असतो. कृतिदेवमध्ये तुम्हाला 'मराठी' दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉण्ट फक्त ई च्या जागी म चं चित्र दाखवतो आणि जे च्या जागी र चं. फॉण्ट काढला की मुखवटा गळतो. आणि अशा फॉण्टात एकूण घरंच २५६, त्यातलीही सगळी वापरता येत नाहीत. आपली जोडाक्षरं त्यात मावणार कशी? म्हणून अक्षरांचे तुकडे केले. अर्धा श वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा, रफारावर अनुस्वार असलेला तुकडा आणखी वेगळा. जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरसारखं तुकड्याला तुकडा लावायचा. कागदावर छान दिसलं की काम संपलं.

बरं, प्रत्येक कंपनीची खिळ्यांची पेटी निराळी. एकीचा क तो दुसरीचा च. याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. प्रमाण नव्हतं असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतपद्धती, म्हणजे कॉम्प्युटरने कुठल्या अक्षराला कुठला आकडा द्यायचा याचा नियम, १९८८ मध्ये होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. जगभरच्या लिप्यांसाठी केलेल्या युनिकोड या संकेतपद्धतीच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि तीही आपल्याच इस्कीच्या पायावर. विंडोज २००० मध्ये युनिकोडचा मंगल फॉण्ट आयता मिळत होता. म्हणजे आमचा कुलवृत्तांत टाइप होत होता त्या वर्षी सरळ रस्ता बांधून तयार होता, आणि आख्खा महाराष्ट्र शेजारच्या चिखलातून चालला होता. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे दाखले, दिवाळी अंक, प्रश्नपत्रिका, सगळं त्या चिखलात. गिऱ्हाईक एकदा आपल्या फॉण्टात अडकलं की जातंय कुठे, हा तो धंदा.

आता कन्व्हर्टर. आहेत, इंटरनेटवर ढिगाने आहेत. एका चौकोनात जुना मजकूर चिकटवायचा, दुसऱ्या चौकोनातून युनिकोड बाहेर पडतं. मी पहिलं पान चिकटवलं. आलं! मराठी आलं! आणि ठळक अक्षरं गेली, तळटीपा गेल्या, तक्ते गेले, मथळे मजकुरात मिसळले. का, तर चौकोनात चिकटवलं की नुसती अक्षरं जातात, कुठला तुकडा कुठल्या फॉण्टात होता ही माहिती गळून पडते. आणि इथे तर फॉण्टच लिपी ठरवत होता! मजकुरात मधेच खरंखुरं इंग्रजी असेल तर कन्व्हर्टरला ते कळणार कसं? तो त्याचंही मराठी करतो. कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये इंग्रजीत पुणे लिहून टाका, बाहेर 'च्नदम' येतं. आमच्या घराण्याच्या दोन शाखा अमेरिकेत आहेत, त्यांचे पत्ते आणि ईमेल इंग्रजीत होते. ते सगळे नातेवाईक आता कुठल्याशा च्नदमसारख्या गावी राहतात.

म्हणजे अक्षरं वाचवा तर मांडणी जाते आणि मांडणी वाचवा तर अक्षरं जातात. हे ज्याला एका वाक्यात कळलं असेल त्याने कृपा करून माझ्या काकांना फोन करावा.

मग मी हाताने करायला घेतलं. शोधा आणि बदला. त्यात 'या फॉण्टातलाच मजकूर शोध' असं सांगता येतं, हे तिसऱ्या आठवड्यात कळलं. (पहिले दोन आठवडे कुठे गेले ते विचारू नका.) मोठे तुकडे आधी बदलायचे, सुटी अक्षरं नंतर. क्रम चुकला की क्ष चं काहीतरी भलतंच होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यात शेवटी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉण्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचे, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. 'धर्म' म्हणजे आधी ध, मग म, मग म च्या डोक्यावर रफार, असं जुन्यात. नव्यात र आधी, म नंतर. ठीक आहे, तो र एक अक्षर मागे सरकवा. पण 'सर्वांना'मध्ये रफार, काना आणि अनुस्वार एकत्र आले की किती मागे सरकवायचं? आणि 'शार्ङ्गधर'? आमच्या घराण्यात चार शार्ङ्गधर आहेत! पूर्वजांना नाव ठेवताना गोविंद सुचला नाही का?

त्यात त्या डीटीपीवाल्याची कला. दिसायला बरोबर तेच बरोबर, हा त्याचा धर्म. एकच अक्षर तो कधी आख्खं टाइप करायचा, तर कधी अर्धं अक्षर अधिक काना असं जुळवायचा. दिसायला अगदी सारखं, आत वेगळं. अनुस्वार कधी वेलांटीच्या आधी तर कधी नंतर. काही ठिकाणी दोनदा, एकावर एक बरोब्बर बसलेला, म्हणून पंचवीस वर्षं कुणाला दिसला नाही. आता युनिकोडमध्ये दोन टिंबं शेजारी शेजारी उभी राहून माझ्याकडे टुकुटुकु बघतात. मथळ्यांना त्याने नक्षीदार फॉण्ट वापरला होता, त्याची पेटी आणखी निराळी.

जुन्या फाइलमध्येच दुरुस्ती करावी म्हटलं, तर नवं सॉफ्टवेअर शहाणपणा करतं. त्याला वाटतं हे इंग्रजी आहे, म्हणून परिच्छेदाचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं. कृतिदेवमध्ये लहान आय म्हणजे प, मोठा आय म्हणजे अर्धा प. परिच्छेदाच्या सुरुवातीला 'पाटील' टाइप करा, त्याचा होतो 'पटील', कारण अर्ध्या प ला काना जोडून नुसता प उरतो. सरळ एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श, ते सॉफ्टवेअर परस्पर वळवून गोल करतं आणि श गायब. ती सोय बंद करता येते, हो. बंद करायची असते हे शंभर श गेल्यावर कळतं.

आणि हे बहुतेक कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेले. मराठीचा तो ऱ्या त्यांच्या गावीही नसतो. दुसऱ्या चं 'दुसर्या', शेतकऱ्यांना चं 'शेतकर्यांना'. हे नुसतं शुद्धलेखन नाही हो, अर्थ बदलतो. दऱ्या वेगळ्या आणि दर्या वेगळा. आमच्या तिसऱ्या पिढीतले एक आजोबा एका संस्थानिकाच्या मुदपाकखान्यात होते. पुस्तकात होतं 'आचाऱ्याचं काम', कन्व्हर्टरने केलं 'आचार्याचं काम'. मी काकांना दाखवलं. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "एवढं राहू दे."

ॲ चीही तीच गत. आमच्याकडे वकील पोत्याने, सगळे 'ॲड.' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. कन्व्हर्टर अजून अ वर चंद्र चिकटवून देतो. काही फॉण्टांत ते एकसारखं दिसतं, काहींत मधे ठिपक्यांचं वर्तुळ येतं, आणि शोधायला जावं तर अर्धे वकील सापडत नाहीत. शिवाय ल आणि श. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असं ठरवून दिलंय. पण युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना संकेत एकच, दिसणं फॉण्टच्या मर्जीवर. त्यामुळे रूपांतर झालं की आख्खा मजकूर हिंदी वळणाचा दिसायला लागतो, आणि आमच्या आत्याबाई (निवृत्त मराठी शिक्षिका, वय ८१) फोनवर विचारतात, "हा ल कुणाचा गं?"

अक्षरं एकदाची बसली म्हणावं, तर मथळ्यांचा आकार आणि ठळकपणा गेला. पाच दिवस डोकं फोडल्यावर कारण कळलं. नवं सॉफ्टवेअर देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतं आणि तिचा फॉण्ट, आकार, ठळकपणा सगळं वेगळ्या खणात ठेवतं. जुना मजकूर त्याच्या हिशेबी इंग्रजी होता, म्हणून १८ चा आकार इंग्रजीच्या खणात. मजकूर मराठी झाला की ते दुसरा खण उघडतं आणि तो रिकामा! मजकूर निवडून आकार बघावा तर १८ लिहिलेलं, डोळ्यांना दिसतंय १० चं. मी चष्म्याचा नंबर तपासून आले. खरंच आले.

आणि आता वंशावळ. कुलवृत्तांतात एवढंच तर बघायचं असतं. डीटीपीवाल्याने ती तक्त्यात केली नव्हती. टॅब, टॅब, टॅब, स्पेस, स्पेस, आणि वरून माउसने ओढलेल्या सुट्या रेघा. जुन्या फॉण्टातली रुंदी धरून केलेला सगळा अंदाज. नव्या फॉण्टात अक्षरांची रुंदी वेगळी, त्यामुळे नावं सरकली आणि रेघा जागच्या जागी राहिल्या. परिणामी एक चुलत आजोबा स्वतःच्या नातवाचे चिरंजीव झाले. निपुत्रिक म्हणून नोंदलेल्या विश्वनाथपंतांना सात मुलं झाली. एका सुनेची रेघ थेट दिराला जाऊन भिडली, ते पान मी काकूंना दाखवलेलं नाही. मी एकेक रेघ ओढून जागेवर आणते, वरच्या ओळीत एक अक्षर दुरुस्त करते, आणि खालची आख्खी शाखा पुढच्या पानावर उडी मारते.

यावर सगळ्यांकडे सल्ले. "ओसीआर कर ना, पुस्तक स्कॅन करून. कॉम्प्युटर चित्रातली अक्षरं ओळखतो." केलं. रफार आणि अनुस्वार त्याला कागदावरचे डाग वाटतात. "एआयला दे." दिलं. त्याने चारही शार्ङ्गधरांचे 'शारंगधर' केले, एका काशीबाईंचं नाव काहीही न विचारता सुधारलं, आणि ते कुठे कुठे केलं हे शोधायला मला मूळ पुस्तक शेजारी ठेवून पुन्हा वाचावं लागलं. "नव्याने टाइप करून घे, पैसे टाक." हा एकच सल्ला शहाणा होता. तो मी काकांना सांगितला तर म्हणाले, "तयार मजकूर असताना पैसे कशाला घालवायचे?"

आत्ता रात्रीचा दीड वाजलाय. मी पान ९४ वर आहे. सहाव्या पिढीतल्या तीन भावांच्या रेघा जुळल्यात, चौथ्याची मजकुराखाली दडून बसलीय आणि माउसच्या हाती लागत नाही. संध्याकाळी काकांचा निरोप आलाय: २००६ ची पुरवणी सापडली, पाठवतो, फॉण्ट दुसरा आहे पण कन्व्हर्टर असेलच.