ते नाचत नाहीये

सकाळपासून तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा समोर आला. तीन फुटी टँक, आत काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं पाकट (स्टिंगरे, चकतीसारखा चपटा मासा), काचेला पोट लावून वर-खाली करतंय. खाली लिहिलंय, 'बघा कसं नाचतंय!' आणि बदामांचा पाऊस.

अरे, नाचत नाहीये ते. वळायला जागा शोधतंय!

हे पोटॅमोट्रायगॉन लिओपोल्डी. ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्यातलं. २०२२ मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं, तरी लोकांना ते शोभेला हवं. चकती अर्ध्या मीटरच्या आसपास जाते. त्याला उंची नको, तळ हवा: ८ बाय ४ फूट, पाणी २ फूट, म्हणजे साधारण १८०० लिटर.

व्हिडिओ थांबवून बघा. कोपऱ्यात उघडा हीटर. पाकट त्याला टेकून बसतं आणि भाजतं. हीटर संपमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या वेगळ्या फिल्टर-टाकीत हवा, निदान त्याला जाळीचं आवरण तरी. तळाला धारदार खडी, पोट सोलवटतं. बारीक वाळू घाला, नाहीतर तळ मोकळा ठेवा. आणि काचेवर सकर मासा! तो पाकटाच्या पाठीवरचा बुळबुळीत थर खरवडून खातो.

हो, सगळी नदीतून पकडलेली नसतात, टँकमध्ये जन्मलेली पिल्लंही मिळतात. भुकेलं पाकटही काचेवर चढतं. मान्य. म्हणून घाणीतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया माफ होत नाही.

खरी गोम तिथेच आहे. पाकट भरपूर खातं, तेवढीच घाण करतं. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनिया पचवताना पाण्यातली क्षारता खर्च करतात. मऊ पाण्यात ती संपली की पीएच कोसळतो, बॅक्टेरिया थंडावतात आणि कालपर्यंत 'मस्त' असलेल्या टँकमध्ये पाकटाच्या कडा वर वळतात. तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून नुसता पीएच मोजून भागत नाही, केएचही, म्हणजे ही क्षारताही मोजायची.

असो. चिडून काय होणार? विकत घेताना ते बशीएवढं असतं, पुढचं कोणी सांगत नाही.

तर व्हिडिओवाल्या मित्रा, आज त्याला खायला घालू नकोस. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट मोज. शून्याच्या वर असेल तर अर्धं पाणी बदल, नवं पाणी क्लोरिन काढलेलं आणि त्याच तापमानाचं. तांबं असलेलं कुठलंही औषध नको. मोठ्या टँकमध्ये हलवताना जाळी वापरू नकोस, शेपटीचा काटा अडकतो. पाण्यातच टबात घे. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडव आणि डॉक्टरकडे जा.

आणि तो सकर रात्र व्हायच्या आत काढ.