संगमेश्वरचा आमदार विरारला गेला

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. २०२७ ची जनगणना झाली की मतदारसंघ पुन्हा आखणार आणि कोकणाच्या जागा आणखी घटणार. त्यावर एका काकांनी निदान केलं, "आपण दोनावर थांबलो, त्याची ही शिक्षा. पोरं वाढवा." खाली अंगठ्यांची रांग. काका एकटे नाहीत म्हणा. २०२४ मध्ये मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आंध्रात तेच सांगत होते आणि त्याच डिसेंबरात मोहन भागवतांनी नागपुरात तीन मुलांचा हिशेब मांडला.

मी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या बोल्टनला राहतो. इथे बसून लिहिलं की "तुला काय कळतंय तिकडे" हे ठरलेलं उत्तर येतं. तरी लिहितो, कारण काकांचं गणित चुकलंय, आणि ते अलीकडे नव्हे, शंभर वर्षांपूर्वीपासून.

१९०१ साली जुना रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान मिळून माणसं होती चौदा लाखांच्या आत. २०११ ला रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून साडेचोवीस लाखांच्या आसपास. म्हणजे ११० वर्षांत दुप्पटही नाही. तेवढ्याच काळात आजच्या महाराष्ट्राची वस्ती दोन कोटींच्या आतून सव्वाअकरा कोटींवर गेली, जवळजवळ सहापट. १९०१ ला कुठलं कुटुंब नियोजन होतं? आमच्या पणजीला आठ मुलं होती. त्यातली जगली वाचली ती बोटीत बसून मुंबईला गेली. जन्म कोकणात, हजेरी परळ-लालबागच्या गिरणीत. पुरुष तिकडे, शेत आणि म्हातारी माणसं बायकांच्या गळ्यात आणि घर मनीऑर्डरीवर. आमच्या घरी फळीवर मनीऑर्डरीच्या पावत्या तारेत ओवून ठेवलेल्या असायच्या, सगळ्यात खालच्या पार पिवळ्या. २०११ लाही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. याचं कौतुक "कोकणात मुलीला मान आहे" असं करणारे लेख मी वाचलेत. अहो, पुरुष घरी नव्हते!

आणि २००१ ते २०११ मध्ये तर दोन्ही जिल्ह्यांची वस्ती चक्क घटली. रत्नागिरीची १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली.

आता मी जिथे राहतो त्या जुन्या लँकेशायर काउंटीचं, म्हणजे इथल्या कापड गिरण्यांच्या मुलखाचं बघा. १८०१ मध्ये या काउंटीत पावणेसात लाखांच्या आसपास लोक होते, १९०१ मध्ये ४४ लाखांच्या आसपास. ही वाढ काय गिरणीकामगारांच्या बायकांनी भराभर पोरं काढून झाली? मजुरांच्या आरोग्यावरच्या १८४२ च्या चॅडविकच्या सरकारी अहवालात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांतल्या मृत्यूंचं सरासरी वय १७ दिलंय, खेडवळ रटलंडच्या मजुरांचं ३८. शहर माणसं खात होतं, तरी फुगत होतं, कारण काम होतं आणि आजूबाजूच्या खेड्यांतून, दुष्काळी आयर्लंडमधून माणसं येतच होती. १८५१ ला लिव्हरपूलमधला पाचातला एक तरी आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. पुढे तर गिरणीत जाणाऱ्या बायका इतरांपेक्षा कमीच मुलं होऊ द्यायच्या.

मग कापूस गेला. १९१३ मध्ये इथून साधारण ७ अब्ज यार्ड कापड बाहेर जायचं, त्यातलं जवळपास निम्मं आपल्याकडे. मुंबईच्या गिरण्या, स्वदेशी आणि जपान यांनी ते गिऱ्हाईक हिसकावलं. म्हणजे आमच्या आजोबांच्या साच्यांनीही (म्हणजे मागांनी) थोडी मदत केलीच. हे पबमध्ये सांगायला मला आवडतं. मँचेस्टर १९३१ मध्ये साडेसात लाखांच्या वर होतं, २००१ ला चार लाखांच्या आसपास उरलं. आता पुन्हा साडेपाच लाखांवर आलंय, विद्यापीठं, फ्लॅट आणि माझ्यासारख्यांच्या जिवावर. इथेही "बाहेरचे आले" हे ऐकू येतंच, पण निदान कुणी म्हणत नाही की पोरं वाढवून शेजारच्या बर्नली गावच्या बंद गिरण्या उघडू.

जागांचं दुःख मला कळतं. मागच्या फेरआखणीत विधानसभेच्या रत्नागिरीच्या सातच्या पाच झाल्या, खेड आणि संगमेश्वर मतदारसंघच पुसले गेले, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. पण त्या विरार, नालासोपारा, डोंबिवलीत कोण राहतं? गिरण्यांचा संप झाला, चाळी गेल्या, तेव्हा आमचीच अर्धी वाडी तिकडे सरकली. संगमेश्वरचा आमदार कुणी पळवला नाही; तो मतदारांबरोबर गेला. माणसं गेली तरी जागा ठेवा म्हणाल तर तो प्रयोग इंग्लंडने करून झालाय: १८३२ पर्यंत ओल्ड सरमच्या ओसाड टेकडीला दोन खासदार होते आणि मँचेस्टरला एकही नाही.

"मग बाहेरच्यांना का मोजता?" हा ग्रुपवरचा दुसरा प्रश्न. हा प्रश्न टाकणाऱ्या दादाच्या हापूसच्या बागेत नेपाळी कुटुंब राहतं. राखण तेच करतात, फवारणी तेच, पेट्या तेच भरतात. त्यांचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे म्हणून शाळेचा पट अजून टिकलाय. शिमग्याला पालखी नाचवायला खांदे मुंबईहून येतात. मागच्या खेपेला एक खांदा त्या नेपाळ्याचा होता आणि तो आमच्यापेक्षा बरा नाचला.

माझं काय? २०२१ मध्ये मी इथल्या जनगणनेत मोजला गेलो. भारतीय पासपोर्टवर इथे मतही देतो; कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना इथे मत असतं, त्याची कृपा. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला कचऱ्याचे डबे आठवड्याला न्यायचे की पंधरवड्याला, यावर तावातावाने बोलतो. गावच्या घराची मात्र तिकडच्या जनगणनेच्या घरयादीत बंद घर म्हणूनच नोंद होणार. दोन मुलं मलाही आहेत. चार असती तरी चारही बोल्टनच्या खात्यात गेली असती. हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "मग तू कुठला?"

काहीतरी लिहून तीनदा खोडलं. शेवटी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची यंदाची पावती टाकली, फोनवरून भरलेली. काकांनी त्यावर अंगठा दिला, आणि लगेच खाली तीन मुलांचा तोच मेसेज पुन्हा फॉरवर्ड केला.