चिकनला पाणी सुटलं म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. तुमचं म्हणणं असं की चायनीजच्या गाडीवर मिळतं तसं परतलेलं चिकन घरी करायची जी पद्धत मी दिली, तिच्यानं अर्धा किलो चिकन आणि भाज्या मोठ्या आचेवर परतल्या तर कढईत नुसतं पाणी झालं, चिकन वातड, ढोबळी मिरचीचा लगदा, आणि वर "कोल्हापुरात राहून आपलं मटणाचं सुकं सोडून हे गाडीवरचं कशाला शिकवताय" असंही विचारलंत. दोन्हीचं उत्तर देते पण आधी पाण्याचं, कारण खरं अडलंय तिथंच.

अर्धा किलो एकदम टाकलंत ना, तिथंच बिघडलं बघा. घरच्या शेगडीची आच गाडीवरच्या भट्टीपुढं काहीच नाही, त्यात गार चिकनचा ढीग पडला की कढईच गार होते, सुटलेलं पाणी उडून जायच्या आधी तळाला साठतं, आणि पाणी आहे तोवर तापमान काही १०० डिग्रीच्या वर जात नाही, म्हणजे चिकन परतलं न जाता उकडत बसतं. खमंग रंग धरायला साधारण १४० च्या पुढं जायला लागतं. म्हणूनच मी २५० ग्रॅम लिहिलंय आणि तेसुद्धा दोन घाण्यांत. माणसं जास्त असतील तर घाणे वाढवायचे, एका घाण्यातलं चिकन नाही.

आणि धुतलेलं चिकन चाळणीत निथळून मग कापडानं चांगलं टिपून घ्यायचं, ही पायरी सगळेच गाळतात. दुकानात लेगपीसचं बोनलेस मागा, ब्रेस्ट पटकन कोरडं पडतं. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलं की जरा कडक होतं, मग रेषांच्या आडव्या पातळ पट्ट्या नीट पडतात, आडवं कापलं की रेषा तोकड्या होतात आणि चावायला सोपं जातं. २५० ग्रॅमला एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लॉवर, एक चमचा तेल चोळून पंधरावीस मिनिटं ठेवायचं. तो कॉर्नफ्लॉवरचा पातळ थर चिकनचा ओलावा आत धरून ठेवतो.

चिकन काढून ठेवलं की त्याच कढईत आधी गाजर-फरसबी, मिनिटभरानं ढोबळी मिरची आणि कोबी, मग चिकन परत आत, कांद्याची पात गॅस बंद करताना. भाजीवर आधी मीठ टाकू नका, मिठानं पाणी सुटतं आणि सोयात मीठ असतंच. कपिलतीर्थ मंडईतनं ताजी भाजी आणली तरी धुवून ओलीच कढईत टाकली तर परत तेच होणार. आपला कांदा-लसूण मसाला घालायचा असेल तर अगदी शेवटी, अर्धा चमचा, चमचाभर पाण्यात कालवून, नुसत्या तापल्या तेलात पडला की काही सेकंदात जळून कडू होतो.

आता सुक्याचं. दादा, मटणाचं सुकं माझ्याही घरी होतं आणि ते असं दहा मिनिटांत कधीच होणार नाही, मी तसं म्हटलेलंही नाही. बोकडाच्या मटणातले चिवट भाग मऊ व्हायला सावकाश, ओलाव्यात बराच वेळ शिजावं लागतं, मोठ्या आचेवर घाईनं परतलं तर ते आणखीच आक्रसतं. त्यामुळं सुकं आणि रस्सा रविवारी निवांत करायचा, त्यात काटछाट मलाही खपत नाही. पण बुधवारी सात वाजता ऑफिसवरनं आलेल्या बाईला (किंवा दादांना) वाटण भाजून वाटायला वेळ नसतो, घरात थोडं चिकन आणि चार भाज्या असतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय आणि ते चांगलंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट तुमच्या कमेंटमध्ये नाही. कढई लोखंडी होती का नॉनस्टिक? नॉनस्टिक असेल तर मोठ्या आचेवर रिकामी तापवू नका, कोटिंग खराब होतं, त्यासाठी लोखंडीच घ्या आणि तेल टाकायच्या आधी हलका धूर दिसेपर्यंत तापू द्या. लाकडी घाण्यावर काढलेलं तेल असेल तर ते लवकर जळतं, इथं रिफाइंड शेंगतेल बरं. एवढं करून परत पाणी सुटलं तर इथंच लिहा, कुठला बर्नर वापरला तेपण सांगा, मी बघते.