चालत नाही

पहिलीतल्या लेकीला नाणी ओळखायला शिकवायची होती आणि घरात नाणीच नव्हती. सगळा पैसा फोनात. सोफ्याच्या फटी, देवघर, बायकोच्या जुन्या पर्सा उचकून शेवटी एकेचाळीस रुपये पन्नास पैसे जमले.

तासाभरात माझाच गोंधळ. जुना मोठा रुपया आणि २०११ नंतरचा दोनचा ठोकळा, दोन्ही पंचवीस मिलिमीटरचे, रंगही तोच. त्यात एका रुपयावर अंगठा. सरकारनं जनतेला अंगठा दाखवावा, तोही टांकसाळीत छापून! पन्नास पैशांवर वळलेली मूठ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ही आठ आण्यांची. ‘आठ आणे म्हणजे काय?’ झालं! चार आणे, सोळा आणे करत मी १९५७ पर्यंत मागे गेलो, तोवर लेक पेंगली.

म्हणून काल प्रात्यक्षिक. दहाची दोन नाणी तिच्या मुठीत, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, वीसचा बिस्किटपुडा. तिनं ऐटीत नाणी मांडली. “दहा नि दहा वीस.”

शेठनं एक गल्ल्यात टाकलं, दुसरं बोटानं परत सरकवलं. “हे चालत नाही.”

“का बरं?”

उत्तर मागून आलं. एका हातात दुधाच्या पिशव्या, गळ्यात दोरीला चष्मा, असे एक काका. “बघू इकडे.” नाणं उजेडात धरलं, काउंटरवर आपटून आवाज ऐकला. “वरच्या रेघा मोजायच्या. दहा असल्या तर असली, पंधरा असल्या तर नकली. आमच्या ग्रुपवर आलंय.” मोजायला लागले. अकरावर घसरले. पिशव्या माझ्या हातात दिल्या, चष्मा चढवला, पुन्हा एकपासून. लेकही टाचा उंचावून सोबतीला. तीन दिवस घरी बारानंतर थेट पंधरा म्हणणारी ही पोरगी तिथे एकही आकडा न गाळता मोजत गेली. “पंधरा!”

“बघा,” काका रांगेकडे वळून म्हणाले, “लहान मुलालाही कळतं.”

अहो, दहाची तेव्हाची चौदाही प्रकारची नाणी चालतात, हे रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय, असं मी दुधाच्या पिशव्या सांभाळत म्हणालो.

“मग बँकेतच द्या,” शेठ.

“बँकेत बिस्किटं मिळतात का?”

“साहेब, पोरीसमोर तरी नको,” काका हळूच म्हणाले. जणू मी रात्री माळ्यावर नाणी पाडतो! खरं तर शेठच्या गल्ल्यात तशीच नाणी पडलेली असणार. पण ते सुट्ट्याच्या नावाखाली दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायला. मलाही ते तिथूनच मिळालं असेल, कोण जाणे. मुकाट्यानं फोन काढून दहा रुपये भरले. काउंटरवरच्या डबड्यानं ते अख्ख्या रांगेला ओरडून सांगितलं.

घरी येईपर्यंत लेकीचं एकच. “बाबा, तू मला खोटे पैसे दिलेस?”

आज वही आली. नाण्यांची चित्रं, समोर किंमत लिहायची. एक, दोन, पाच, सगळं बरोबर. दहाच्या चित्रापुढे तिनं लिहिलंय, ‘चालत नाहि’. त्यावर बाईंची लाल फुली, आणि खाली शेरा: पालकांनी घरी लक्ष द्यावे.