मामा, हे तेच तेच आहे!

आज भाच्यावर चिडलो. चौदा वर्षांचा आहे, सुट्टीला आलाय. हौसेने त्याला लॅपटॉपवर 'रोग' लावून दिला. (इंग्रजीतला रोग, म्हणजे भामटा. १९८० सालचा, भुयारात एकेक मजला खाली उतरत जायचा गेम.) साहेब बारा मिनिटं खेळले आणि म्हणाले, "मामा, हे तेच तेच आहे. खोली, बोळ, परत खोली, परत बोळ." मग मोबाईल उचलून त्याच्या गेममधली रोजची नाणी गोळा करत बसला. रोज एकाच जागी बोट टेकवायचं आणि नाणी घ्यायची. ते तेच तेच नाही?

१९९२. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, प्रॅक्टिकल संपल्यावरचे दोन तास. एका मशीनवर मी आणि माझा हॉस्टेलचा पार्टनर. की-बोर्ड त्याच्याकडे, फुलस्केप वही माझ्याकडे. वही कशाला? तर भुयारात रंगीत बाटल्या सापडतात. या डावात जांभळी बाटली जखम भरते, पुढच्या डावात तीच आंधळं करते. मंत्रांच्या गुंडाळ्यांची नावंही दर डावाला बदलतात. म्हणजे मेलं की वहीचं पान बाद. नवीन पान, वर शीर्षक 'बाटल्या', आणि पिऊन बघायला परत पहिल्यापासून सुरुवात. आमची अशी दीडेकशे पानं भरली होती.

आणि याला तेच तेच म्हणायचं? अरे, हा गेम जन्मालाच आला तेच तेच नको म्हणून! कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या युनिव्हर्सिटीतली मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन ही दोन पोरं. त्या काळचे साहसाचे गेम एकदा सुटले की संपले, कोडी तीच आणि उत्तरंही तीच. बनवणाऱ्याला तर खेळण्यात काही मजाच नाही. म्हणून यांनी दर डावाला भुयार नव्याने रचणारा गेम लिहिला. पडद्यावर फार तर नऊ खोल्या, ए ते झेड सव्वीस राक्षस, एकेका अक्षराचे. चित्र नाही, आवाज नाही. पुढे टॉय बर्कलेच्या युनिव्हर्सिटीत गेला, तिथे केन अर्नोल्ड त्याला येऊन मिळाला, आणि बर्कलेच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर हा गेम कुठल्या कुठे पोचला. आज 'रोगलाइक' म्हणून जे गेम ही पोरं पैसे देऊन घेतात, ते नाव याच्यावरूनच पडलंय.

बरं, एक कबूल करतो. पहिले तीन मजले पन्नासाव्यांदा उतरताना कंटाळा येतो. वटवाघूळ, साप, परत वटवाघूळ. येतो कंटाळा. पण म्हणून काय झालं?

आमचा सगळ्यात मोठा डाव बाविसाव्या मजल्यापर्यंत गेला होता. सव्विसाव्यावर येंडोरचा तावीज असतो, तो घेऊन सगळे मजले परत वर चढायचे. बाविसाव्यावर जिना सापडेना. एक बोळ मध्येच संपलेला. अशा वेळी एस दाबायचा, म्हणजे आजूबाजूला चोरदार शोधायचं. सापडेलच असं नाही, म्हणून परत एस. परत एस. हेच ते भाच्याचं तेच तेच! पण प्रत्येक एसला एक खेळी खर्च होते, आणि प्रत्येक खेळीला पोट रिकामं होतं. आमचं खाणं संपलं होतं. पार्टनर म्हणाला, "मागे फिरू, दुसऱ्या बाजूने बघू." मी म्हणालो, "इथेच आहे दार, दाब." त्याने दाबला. भूक लागल्याचं आलं. "दाब." अशक्तपणा आला. "दाब रे, इथेच आहे." मग चक्कर यायला लागली, आणि मग थडगं. त्यावर त्याचं नाव, आणि खाली कारण: उपासमार.

बटण तेच होतं. पण शेवटचे दहा एस दाबताना त्याचं बोट थरथरत होतं, ते मी शेजारी बसून पाहिलंय. नाणी गोळा करताना कुणाचं बोट थरथरतं का?

हे लिहिता लिहिता राग उतरला खरं तर. पोराचा काय दोष. मी त्याला नुसता गेम दिला. शेजारी बसलो नाही, वही दिली नाही. एकट्याने बारा मिनिटांत त्याला खोल्या आणि बोळच दिसणार.

त्या रात्री पार्टनर मेसमध्ये माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दार तिथे होतं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण ते भुयार परत कुणालाच दिसणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबमध्ये गेलो तर तो आधीच बसलेला. त्याने माझ्यासमोर वही सरकवली. नवीन पान उघडलेलं, वर त्याच्या अक्षरात 'बाटल्या'.

भाचा झोपलाय. उद्या दोनशे पानी वही आणतो आणि शेजारी बसतो. की-बोर्ड त्याच्याकडे.